उभ्या गाडीचा हिशेब

चांदवडहून इंदूर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मालेगाव, धुळे, शिरपूर, मग मध्य प्रदेशाची हद्द, सेंधव्याजवळचा बिजासन घाट, खलघाटला नर्मदेवरचा पूल आणि मानपूरचा चढ ओलांडून इंदूर. भरलेली दहा चाकी गाडी हा रस्ता दहा तासांत कापते. जाऊन-येऊन वीस तास. पण आमच्या घरची गाडी चांदवडहून निघाली की पाचव्या दिवशी दारात येते. पाच दिवसांचे एकशे वीस तास होतात. त्यातले वीस तास चाक फिरते. उरलेले शंभर तास गाडी कुठे असते, ड्रायव्हर काय करतो आणि त्या तासांचे पैसे कोण देतो, हे आज वाचक बहिणी-भावांना सांगायचे आहे.

आमच्या घरात दोन गाड्या आहेत. गाड्यांचे हिशेब आम्ही दोघी जावा लिहितो. सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, तीस वर्षे स्वतः स्टिअरिंग धरले. गुडघे गेले तसे ते घरी बसले आणि वही आमच्याकडे आली. बिल्टी, डिझेलच्या पावत्या, टायर, टोल, वाराई, ड्रायव्हरचा भत्ता, सगळे तारीखवार त्या वहीत आहे.

चांदवड आणि इंदूरचे नाते ट्रकच्या किती तरी आधीचे. दोन्हीकडे होळकरांचे राज्य होते. अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आजही आमच्या गावात उभा आहे आणि त्यांची राजधानी महेश्वर खलघाटपासून फार लांब नाही. पुढे याच वाटेने मुंबई-आग्रा महामार्ग गेला. त्याचे नंबर बदलले, पण आमच्याकडे सगळे अजून आग्रा रोडच म्हणतात. गावातली किती तरी घरे या रोडवर जगली: कोणाचे पंक्चरचे दुकान, कोणाचे गॅरेज, कोणाचा ढाबा, कोणाची गाडी.

जाताना आमच्या गाडीत पिंपळगाव बसवंतचे टोमॅटो असतात, नाहीतर चांदवड किंवा लासलगावचा कांदा. येताना इंदूरकडचा बटाटा, किंवा सोयाबीनची ढेप, जिला व्यापारी डीओसी म्हणतात आणि जी कोंबड्यांच्या खाद्यासाठी आपल्या भागात येते. जातानाचा माल सहज मिळतो. सगळा प्रश्न परतीच्या मालाचा. परतीचा माल मिळाला नाही तर गाडी रिकामी आणावी लागते, आणि रिकामी गाडीसुद्धा डिझेल पिते. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन १७५ लिटर लागते. लिटरला नव्वद रुपये धरले तरी पावणेसोळा हजार रुपये निव्वळ डिझेलचे झाले. त्यावर टोल, भत्ता, टायरची घासाई, विमा आणि बँकेचा हप्ता. म्हणून इंदूरला गाडी खाली झाली की ड्रायव्हर दलालाच्या ऑफिसबाहेर बसतो. कधी एक दिवस, कधी दोन. भाव पडला असेल तर निम्म्या भाड्यातही माल उचलावा लागतो, कारण दलालाला ठाऊक असते की गाडी घरी जायचीच आहे.

भाडे ठरते टनावर किंवा एकूण फेरीवर. निघताना काही रक्कम ॲडव्हान्स मिळते. बाकी माल पोहोचल्यावर, सही-शिक्क्याची पोच पावती हातात आली की मिळते. आता विचार करा, या सगळ्यात वेळ कुठे लिहिलेला आहे? वजन लिहिलेले आहे, नग लिहिलेले आहेत, गाडीचा नंबर आहे. गाडी गेटवर किती वाजता लागली आणि किती वाजता खाली झाली, हे बहुतेक बिल्ट्यांवर कुठेच नसते. जे लिहिलेले नसते त्याचे पैसे मागता येत नाहीत.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची गाडी ढेप घेऊन आली. माल आपल्याच जिल्ह्यातल्या एका गोदामात खाली करायचा होता. गाडी शुक्रवारी असरच्या सुमारास गेटवर लागली. पुढे अकरा गाड्या होत्या. हमाल कमी होते आणि पाऊस आला की काम थांबत होते. खाली व्हायला रविवारची दुपार झाली. या दोन रात्रींत आमचे ड्रायव्हर काका झोपले असतील असे कोणालाही वाटेल, कारण गाडी तर उभीच होती. पण रांगेतली गाडी उभी नसते. पुढची गाडी सरकली की आपली सरकवावी लागते, नाहीतर मागचा मध्ये घुसतो. वारा सुटला की ताडपत्रीचे दोर पुन्हा आवळावे लागतात. डिझेलच्या टाकीवर डोळा ठेवावा लागतो. काकांनी दोन रात्री डुलक्यांवर काढल्या.

खाली करताना सहा गोण्या ओल्या निघाल्या. गोदामवाल्याने त्यांचे पैसे कापले आणि वर "माल उशिरा आला" म्हणून आणखी कापले. गाडी शुक्रवारी आली होती हे दाखवायला आमच्याजवळ कागद नव्हता. गेटच्या रजिस्टरमध्ये रविवारची नोंद होती, म्हणजे गाडी आत घेतली तेव्हाची.

त्याच दुपारी दलालाचा फोन आला. पिंपळगावला टोमॅटो भरून तयार होते, रात्रीच इंदूरला निघायचे होते आणि भाडे चांगले होते. धाकटे म्हणाले, "अब्बा, कापलेले पैसे यात भरून निघतील."

काका ओसरीवर बसले होते. म्हणाले, "मालक, मी जातो. चहा घेतला की तरतरी येईल."

अब्बा म्हणाले, "चहानं झोप जात नाही, पुढं ढकलली जाते. पुढं म्हणजे राहुड घाटात."

"पण दलाल पुढच्या वेळी फोन करणार नाही," धाकटे म्हणाले.

"न करो. दोन रात्री झोप नसलेल्या माणसाच्या हातात मी अठरा टन देत नाही. त्याचीही लेकरं घरी वाट बघतात."

तो माल दुसऱ्या गाडीला गेला. चांगले भाडे हातचे गेले हे खरे, आणि घरात दोन दिवस कोणी नीट बोलले नाही हेही खरे. त्या महिन्याचा हप्ता आम्ही बिशीच्या पैशांतून भरला.

राहुड घाट चांदवडकरांना नव्याने सांगायला नको. गावातून मालेगावकडे निघालो की लगेच लागतो, आणि तिथल्या अपघातांच्या बातम्या आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून ऐकतो. प्रत्येक वेळी ब्रेक फेल झाला असे लिहून येते. किती वेळा माणूस जागा होता, हे लिहून येत नाही.

कायद्यात हे सगळे फार पूर्वीच लिहिलेले आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी कामाची मर्यादा घातली. सलग पाच तास काम होण्याआधी निदान अर्धा तास विश्रांती द्यावी असेही त्यात होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने हेच तास माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला लावले. पण ड्रायव्हरचे तास मोजायचे कोणी? वाट बघण्याचे तास कामाचे आहेत, हे मानायलाच कोणी तयार नाही.

याचा अर्थ काहीच सुधारले नाही असा नव्हे. अब्बांच्या काळात जकात नाक्यांवर रात्री जात. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला आणि राज्यांच्या हद्दीवरची करवसुलीची नाकी गेली. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. मध्य प्रदेशाने १ जुलै २०२४ पासून परिवहन विभागाची तपासणी नाकी बंद केली. सेंधव्याला ताटकळलेल्या माणसालाच याची किंमत कळेल. रस्ता मोकळा झाला, पण गोदामाचे गेट तसेच राहिले. उलट एक नवा घोर लागला. भाजीपाल्याला ई-वे बिल लागत नाही, पण ढेपेला लागते आणि त्याची मुदत दोनशे किलोमीटरला एक दिवस असते. म्हणजे इंदूरहून येताना दोन दिवस. वाटेत गाडी बिघडली आणि मुदत संपली तर संपण्याच्या आधी किंवा नंतर आठ तासांत ती वाढवून घ्यावी लागते. हे काम आता आमच्याच मोबाइलवर होते. एकदा रोजा सोडता सोडता आम्ही ते केले आहे.

काही वेळा गाडी थांबवणारे आपल्या हातात काहीच नसते. २०२३ हे वर्ष आठवा. ऑगस्टमध्ये कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागले, लिलाव बंद पडले. डिसेंबरात निर्यातबंदी आली. ११ डिसेंबरला शरद पवार चांदवडला आले आणि आग्रा रोडवर रास्ता रोको झाला. शेतकऱ्याचा कांदा ट्रॅक्टरमध्ये होता आणि आमच्या गाड्या दारात. ते निस्तरते तोच १ जानेवारी २०२४ ला देशभर ड्रायव्हरांनी चक्का जाम केला. मनमाडजवळ पानेवाडीला इंधनाचे टँकर थांबले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कारण होते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(२). अपघातात माणूस मेला आणि ड्रायव्हर पोलिसांना न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद असे त्यात म्हटले होते. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवले गेले. पण आम्ही आमच्या ड्रायव्हरांना एकच सांगून ठेवले आहे: अल्लाह न करो, तसे काही झाले आणि जमावाची भीती वाटली, तर थेट ११२ ला फोन करायचा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात हजर व्हायचे. जखमीला मदत पोहोचणे पहिले, गाडी नंतर.

त्या ढेपेच्या फेरीनंतर आमच्या वहीत एक नवे पान आले: उभ्या गाडीचे पान. गाडी गेटवर लागली की ड्रायव्हर गेटच्या पाटीसह फोटो काढून आम्हाला पाठवतो. वेळ आपोआप नोंदली जाते. बिल्टी बनतानाच आम्ही हॉल्टिंग लिहून घेतो: चोवीस तासांनंतर दर दिवसाला अमुक रुपये. काही दलाल हसले, दोघांनी माल दिला नाही. पण बाकीच्यांनी लिहून दिले. गाडी भरताना ताडपत्री बांधून झाली की तिचाही फोटो घेतो, म्हणजे गोणी कुठे भिजली यावर वाद होत नाही. माल हरवला किंवा खराब झाला तर २००७ च्या रस्ता मालवाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. माल पाठवणाऱ्या भावांनीही हे ध्यानात ठेवावे, कारण तोंडी तक्रार तिथे चालत नाही.

आणि चौथी गोष्ट अब्बांनी सांगितली, ती आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. हॉल्टिंग मिळो न मिळो, गाडी उभी राहिली त्या दिवसांचा भत्ता ड्रायव्हरला त्याच आठवड्यात द्यायचा. थोरल्यांनी विचारले, "आपल्याला मिळाले नाही तर द्यायचे कुठून?" अब्बा म्हणाले, "आपलं कापलं ते दुसऱ्यानं कापलं. त्याचं कापलं तर आपण कापू." मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. उन्हात उभ्या असलेल्या केबिनमध्येही घाम येतोच.

आपल्या समाजात या धंद्याच्या दोन्ही बाजूंना माणसे आहेत. मालेगाव-भिवंडीला कापडाचे व्यापारी आहेत, भाजी-फळांचे आडतदार आहेत, गोदामवाले आहेत, आणि गाडीवर ड्रायव्हर-क्लीनर आहेत ते तर किती तरी. माल ही अमानत आहे असे आपण ड्रायव्हरला सांगतो. मग गेटवर आलेल्या माणसाचा वेळही अमानत मानायला काय हरकत आहे? ज्यांच्या दारात गाड्या लागतात त्यांच्याकडे आमचे मागणे थोडेच आहे. गाडी आली ती वेळ रजिस्टरमध्ये लिहा. रांगेचे नंबर द्या, म्हणजे ड्रायव्हरला गाडी बाजूला लावून झोपता येईल. एक नळ, एक संडास आणि सावलीची एक जागा ठेवा. त्याला नमाज पढायची असेल, डबा खायचा असेल, घरी मुलीशी चार शब्द बोलायचे असतील. याला फार खर्च येत नाही.

आणि ज्या बहिणींच्या घरचे पुरुष रोडवर आहेत त्यांनी वही आपल्या हातात घ्यावी. डिझेल आणि टोल तर सगळेच लिहितात. उभ्या गाडीचे तास लिहा आणि तुमच्या माणसाची झोप लिहा. महिनाअखेर ते पान घरात सगळ्यांसमोर वाचून दाखवा.