दोन ओळींचा खुलासा

जुलै २००६ मध्ये मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले, त्यानंतरच्या दिवसांतली ही हकीकत. आमच्या मोहल्ल्यातल्या एका घड्याळजीला पोलिसांनी चौकीवर बोलावलं, एका गिऱ्हाइकाबद्दल चार प्रश्न विचारले आणि संध्याकाळी घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी एका मराठी दैनिकात बातमी आली : संशयितास अटक, घड्याळांचे सुटे भाग जप्त. खाली नाव आणि गल्लीसुद्धा. आता घड्याळजीच्या दुकानात घड्याळाचे सुटे भाग नाहीत, तर काय सुके बोंबील सापडणार?

चाचांच्या घरी उर्दू वर्तमानपत्र येई. त्यामुळे बातमी त्यांना कळली ती दुपारी, शाळेतून रडत आलेल्या मुलीकडून. कात्रण घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "भाई, तुमे मराठी लिखते. तुमीच लिखो."

पत्रात त्यांना 'निर्दोष' हा शब्द हवा होता. मी म्हटलं, चाचा, निर्दोष ठरायला आधी आरोप लागतो. तुमच्यावर तो झालेलाच नाही. सोबत आलेल्या एका बुजुर्गांनी सुचवलं, 'हे दर १५ ऑगस्टला झेंडावंदनाला जातात' असंही घाला. जात होतेच, खोटं काही नव्हतं. पण ते वाक्य मी घातलं नाही. चुकीचं छापलं त्यांनी, मग देशप्रेमाचा दाखला आम्ही का जोडायचा? बुजुर्ग नाराज झाले. शेवटी तीनच वाक्यं राहिली : अटक झालेली नाही. काहीही जप्त झालेलं नाही. बातमी जिथे छापली तिथेच दुरुस्ती छापावी.

कचेरीत उपसंपादकांनी चहा पाजला आणि पोलिसांचं पत्र मागितलं. चौकीवर गेलो, तर साहेब म्हणाले, "अटकच केली नाही, तर सोडलं असं लिहून कसं देऊ?" बोलणं बरोबर होतं. तेच तर छापा म्हणत होतो आम्ही!

मग दुसरं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने संपादकांना पाठवलं. दैनिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे तक्रार दोन महिन्यांच्या आत करावी लागते आणि त्याआधी संपादकांना लेखी कळवावं लागतं. कौन्सिल फार तर ताशेरे ओढतं, दंड करू शकत नाही. तरी पत्रात त्याचा उल्लेख केला. आठवडाभरात खुलासा आला. मूळ बातमी पहिल्या पानावर, हा सातव्या पानावर, निविदा सूचनांच्या खाली. दोन ओळी. त्यात 'नजरचुकीने' हा शब्द.

चाचांनी तो कापून दुकानाच्या काउंटरवर काचेखाली लावला. पंधरा दिवसांनी पाहिलं, तर कात्रण नव्हतं. विचारलं, तेव्हा डोळ्यावरचं भिंग न काढताच म्हणाले, "हर नया गाहक पूछता, किस बात का खुलासा? फिर मेरेकोच पूरी खबर सुनानी पडती."