बंद केलं, पण त्याऐवजी काय?

राखेच्या बुधवारी वसईतल्या एका ख्रिस्ती घरात आईने जाहीर केले, ‘‘आजपासून ईस्टरपर्यंत टीव्ही बंद!’’ प्रायश्चित्तकाळ हा संयमाचा काळ. कुणी मांस सोडते, कुणी दारू. या घराने पडदा सोडायचे ठरवले. बाबांनी मान डोलावली, आजीने रिमोट कपाटात ठेवला.

चौथ्या रात्री बारा वर्षांचा मुलगा पांघरुणाखाली मोबाइल पाहताना सापडला. पडद्यावर एक गुंड बांधून ठेवलेल्या माणसाला हसत हसत मारत होता. आईने मोबाइल हिसकावला.

‘‘उपवासाचे दिवस आहेत, काही वाटतं का तुला?’’

मुलगा ओशाळला, पण गप्प बसला नाही. ‘‘टीव्ही बंद केलास, पण त्याऐवजी काय? सातला रोझरी, आठला जेवण. मग तू तुझ्या मोबाइलमध्ये, बाबा त्यांच्या. आणि आजी मालिका बघायला शेजारी जाते!’’

आजीने मान खाली घातली. आईला त्या रात्री झोप लागली नाही.

मराठीत एम. ए. करताना तिने ‘ख्रिस्तपुराण’ अभ्यासले होते. इंग्लंडहून १५७९ मध्ये गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ते ओवीबद्ध मराठीत रचले आणि १६१६ मध्ये ते छापले गेले. त्यात नवख्रिस्ती माणूस पाद्रीबाबांना विचारतो, की आमची जुनी पुराणे वाचायला तुम्ही मनाई केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? स्टीफन्स यांनी त्या माणसावर आणखी एक बंदी लादली नाही. त्याच्याच भाषेत, त्याच्याच ओवीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचून त्याच्या हाती दिले. चारशे वर्षांनंतर तोच प्रश्न आज आपल्या मुलाने विचारला, हे तिच्या ध्यानात आले.

सकाळी तिने नवा नियम सांगितला. शनिवारी रोझरीनंतर सगळ्यांनी मिळून एक चित्रपट पाहायचा. निवड पाळीपाळीने. एकट्याने, दार लावून कुणीही काही पाहायचे नाही. मोठ्यांनीसुद्धा!

त्याआधी तिने एक काम केले. २०२१ च्या नियमांनुसार ऑनलाइन मालिका-चित्रपटांवर यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए असे वयोगट दाखवावे लागतात, आणि १३+ पासून पुढच्या कार्यक्रमांना पालकांना कुलूप लावता येते. तिने ते लावले. पण कुलूप फक्त वय सांगते. कार्यक्रम चांगला की वाईट, ते घरानेच ठरवायचे असते, हे तिला ठाऊक होते.

पहिली पाळी आजीची. तिने ‘दयासागर’ मागितला. १९७८ च्या ‘करुणामयुडू’ या तेलुगू चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती. विजयचंदर यांनी त्यात येशूची भूमिका केली आहे. गावोगावी पडदे लावून तो दाखवला जाई. तसाच मैदानात बसून आजीने तो पाहिला होता.

क्रूस वाहण्याचा प्रसंग आला तसा मुलगा सरसावून बसला. चित्रपट संपल्यावर त्याने विचारले, ‘‘आई, यातही मारहाण आहे, रक्त आहे. मग हे कसं चालतं?’’

घरात शांतता पसरली. प्रश्न खोटा नव्हता.

आईने थोडा विचार केला. ‘‘त्या रात्री तू जे बघत होतास, त्यात तुला मजा कुणामुळे येत होती?’’

‘‘मारणाऱ्यामुळे,’’ तो हळूच म्हणाला.

‘‘आणि आज पोटात कालवलं ते कुणासाठी?’’

त्याने उत्तर दिले नाही. देण्याची गरजही नव्हती.

त्या दिवसापासून घराला एक कसोटी मिळाली. पडद्यावर काय दिसते एवढेच नव्हे, तर ते आपल्याला कुणाच्या बाजूला उभे करते, हे पाहायचे. कार्यक्रमाला देवाधर्माचे नाव हवेच असे नाही. प्रामाणिकपणा, क्षमा, दुबळ्याची कणव शिकवणारी साधी गोष्टही चालेल. आणि नाव देवाचे असूनही द्वेष पेरणारे काही असेल, तर ते नको.

मुलगा एका आठवड्यात संत झाला नाही. त्याच्या पाळीला त्याने मोटारींच्या शर्यतीचा चित्रपट निवडला. आजी त्यात डुलक्या घेत होती, तरी उठून गेली नाही.

ईस्टर झाला. रिमोट कपाटातून बाहेर आला. आजीने चहाचा कप घेऊन आपली लाडकी मालिका लावली. सासू सुनेच्या जेवणात काहीतरी मिसळत होती. पाच मिनिटांनी आजीनेच टीव्ही बंद केला.

‘‘का गं आजी?’’ नातवाने विचारले.

‘‘त्या पोरीला रोज छळतात, आणि मी चहा पीत मजा बघते,’’ आजी म्हणाली. ‘‘चल, तू लाव काहीतरी. दोघं बघू.’’