पार्कसाइडची नावे

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील लीड्स शहराच्या दक्षिण अंगाला, एअर नदीच्या पलीकडच्या तीरावर, हन्स्लेट ही कारखान्यांची आणि कामगारांची जुनी वस्ती आहे, आणि तेथील रग्बी लीग क्लबचे पार्कसाइड हे मैदान १८८८ पासून १९७३ पर्यंत या वस्तीच्या शनिवार दुपारचे हक्काचे ठिकाण होते. आज त्या जागी गोदामे आणि कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड आहेत, मालमोटारींची ये-जा आहे, आणि पार्कसाइड हे नाव तेथे रस्त्याच्या पाटीपुरते राहिले आहे. जेथे उभे राहून आठवायचे ती जागाच गेली, म्हणूनच बहुधा हन्स्लेटच्या जुन्या चाहत्यांच्या बोलण्यात खेळाडूंची नावे इतक्या आग्रहाने येतात. दुसऱ्या क्लबांचे चाहते स्टँडकडे बोट दाखवून बोलतात. हन्स्लेटकराला नावावरच भागवावे लागते.

ही नावे विस्कळीतपणे येत नाहीत, त्यांना क्रम असतो. रग्बी लीगच्या संघात तेरा खेळाडू असतात आणि पूर्वी जर्सीवरचा आकडा खेळाडूचा नसून त्याच्या जागेचा असे: १ म्हणजे सर्वांत मागे राहून शेवटचा बचाव करणारा फुलबॅक, २ आणि ५ म्हणजे मैदानाच्या कडेने सुसाट पळणारे विंगर, ६ आणि ७ म्हणजे डाव रचणारे हाफबॅक, आणि ८ ते १३ म्हणजे फॉरवर्ड, म्हणजे खांद्याला खांदा अडकवून, डोके खाली घालून प्रतिस्पर्ध्यांशी रेटारेटी करणारे सहा दणकट गडी. त्यामुळे जुन्या संघाची आठवण ही पाढ्यासारखी एकापासून तेरापर्यंत म्हटली जाते, मध्येच एखादा आकडा अडतो, मग त्यावर वाद होतो, आणि खरे बोलणे त्या अडलेल्या आकड्यापाशी सुरू होते.

हन्स्लेटचा क्लब १८८३ चा, पण वस्तीची ओळख त्याच्याही आधीची, आणि ती वाफेच्या इंजिनांची होती. किटसन, मॅनिंग वॉर्डल, वाफेचे नांगर बनवणारी फाउलर, आणि वस्तीचेच नाव धारण करणारी हन्स्लेट एंजिन कंपनी, असे कारखाने येथे एकमेकांना खेटून होते. मराठी वाचकाला या वस्तीचे नाव परके वाटले, तरी तिच्या हातचे काम परके नाही. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने बांधलेल्या आणि १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवर धावणारी पहिली इंजिने किटसन कंपनीच्या हन्स्लेटमधील एअरडेल फाउंड्रीतून आली. १९०६ मध्ये हीच लाईन पंढरपूरला पोहोचली आणि पुढे वारकऱ्यांच्या पिढ्यांनी त्या गाडीने आषाढी-कार्तिकी साधली. ती इंजिने ज्यांनी घडवली त्यांच्यातले कितीतरी जण शनिवारी दुपारी भोंगा वाजला की पार्कसाइडची वाट धरत असणार.

या भोंग्याशी खेळाचाही संबंध आहे. इंग्लंडमधील रग्बीच्या वरिष्ठ मंडळींना खेळाडूने पैसे घेणे अब्रह्मण्यम् वाटे. उत्तरेकडच्या कामगाराची अडचण अशी, की सामन्यासाठी शनिवारची पाळी सोडली तर त्याचा रोज बुडे. बुडालेला रोज भरून द्यावा या मागणीवरून भांडण झाले आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी नॉर्दर्न युनियन ही वेगळी संघटना काढली. पुढे तिच्यातूनच, १९०६ मध्ये पंधराचे तेरा खेळाडू करून, रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ घडला. हन्स्लेट या बंडात पहिल्यापासून होते. वर्गाभिमानाचा एक पीळ या खेळाच्या चाहत्यांत अजून आढळतो, तो या बुडालेल्या रोजामुळे.

पाढ्यातले पहिले मोठे नाव ॲल्बर्ट गोल्डथॉर्प यांचे. पाच गोल्डथॉर्प बंधू हन्स्लेटकडून खेळले आणि त्यांत ॲल्बर्ट हे सर्वांत नामांकित. ड्रॉप गोल, म्हणजे हातातला चेंडू जमिनीवर सोडून तो उसळता क्षणी लाथेने दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून धाडणे, ही त्यांची खासियत होती. १९०७-०८ च्या हंगामात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांच्या नेतृत्वाखाली हन्स्लेटने त्या काळी जिंकण्याजोग्या असलेल्या चारही स्पर्धा जिंकल्या: चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात बर्फ पडत असताना हल क्लबचा १४-० असा पराभव केला, अजिंक्यपदासाठी ओल्डमशी आधी बरोबरी आणि मग फेरसामन्यात विजय, शिवाय यॉर्कशर कप आणि यॉर्कशर लीग. एका हंगामात शंभर गोल करणारे पहिले खेळाडू म्हणून गोल्डथॉर्प यांची नोंद झाली ती त्याच वर्षी. चारही चषकांचा पराक्रम पुढे हडर्सफील्ड आणि स्विंटन या दोनच क्लबांना साधला, आणि परगण्याच्या स्पर्धाच बंद झाल्यामुळे तो आता कोणाला साधणारही नाही; हन्स्लेटच्या चाहत्याला या गोष्टीचे जे समाधान वाटते ते फारसे उदार नाही, पण क्षम्य आहे.

त्याच संघातला बिली बॅटन हा अडवायला आलेल्या गड्याच्या अंगावरून सरळ उडी मारून पलीकडे जाणारा खेळाडू होता. १९१३ मध्ये हल क्लबने त्याला ६०० पौंडांना, त्या काळच्या विक्रमी किमतीला, विकत घेतले. पुढे त्याची गणना खेळाच्या सार्वकालिक श्रेष्ठांत झाली, पण हन्स्लेटच्या आठवणीत त्याच्या उडीइतकीच ती किंमतही लक्षात राहिलेली आहे. वस्तीची ही रीत पुढेही टिकली. कोण किती चांगला खेळला हा प्रश्न येथे दुसरा असतो. पहिला प्रश्न, राहिला की गेला.

१९३४ मध्ये हन्स्लेटने लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर विडनेसला ११-५ असे हरवून चॅलेंज कप आणला. हन्स्लेटमध्येच वाढलेल्या रिचर्ड हॉगर्ट यांनी ‘द यूझेस ऑफ लिटरसी’ या १९५७ च्या आपल्या ग्रंथात ती संध्याकाळ नोंदवली आहे: संघ मोटारीच्या टपावर बसून स्टेशनातून वस्तीत शिरला, एका दारूच्या गुत्त्यावरून दुसऱ्या गुत्त्यावर फुकट पेले घेत फिरला, आणि झोपायची वेळ टळून गेली तरी पोरे मागोमाग धावत राहिली. कामगार संस्कृतीचा हा अभ्यासक एरवी भावुकतेपासून सावध असतो, येथे तो सावधपणा थोडा सैल होतो. चार वर्षांनी, १९३८ च्या अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, नदीपलीकडच्या श्रीमंत लीड्स क्लबला हन्स्लेटने एलंड रोड या फुटबॉलच्या मैदानावर ५४,११२ प्रेक्षकांसमोर ८-२ असे नमवले. एवढा मोठा विजय, पण त्याबद्दल बोलणे लवकर संपते.

संपत नाही ते १९६५ च्या पराभवाबद्दलचे बोलणे. त्या वर्षीच्या ८ मे रोजी वेम्ब्लीवर चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात विगनने हन्स्लेटला २०-१६ असे हरवले, आणि वेम्ब्लीवरच्या उत्तम अंतिम सामन्यांत त्याची गणना आजही होते. ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे, त्या वेळी तीन गुणांचा आणि गोल दोन गुणांचा असल्यामुळे लाथेला मोल होते, आणि हन्स्लेटकडे बिली लँग्टन होता, ज्याने क्लबसाठी आयुष्यात हजाराहून अधिक गोल केले. सामन्याच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा लान्स टॉड चषक त्या दिवशी प्रथमच दोघांत विभागला गेला, विगनचा रे ॲशबी आणि हन्स्लेटचा ब्रायन गॅबिटस. हरलेल्या संघाला अर्धा चषक मिळाला, यात अभिमान मानावा की चुटपुट, हे वस्तीला अजून ठरवता आलेले नाही.

त्या संघाचा पाढा म्हणताना आवाज बदलतो तो अकरा-बाराच्या आसपास, फॉरवर्डांच्या दुसऱ्या ओळीशी, कारण तेथे जेफ गनी येतो. १९५१ मध्ये तो हन्स्लेटकडून प्रथम खेळला, १९५४ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा करून आला, आणि बावीस हंगामांत पाचशेहून अधिक सामने एकाच क्लबसाठी खेळला. वेम्ब्लीनंतर तो संघ फुटत गेला: डेनिस हार्टली कॅसलफर्डला गेला आणि तेथे चॅलेंज कप जिंकून बसला, बिल रॅम्सी नदी ओलांडून लीड्सला गेला आणि १९६८ मध्ये त्यानेही तो जिंकला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. क्लबजवळ पैसा नव्हता आणि खेळाडूचे आयुष्य आखूड असते. परंतु गनी राहिला, आणि राहण्याने त्याच्या पदरात चषकाच्या दृष्टीने काहीही पडले नाही, हेच त्याच्या नावाला चिकटलेले आहे. दुसऱ्या ओळीच्या फॉरवर्डचे काम मुळातच दिसणारे नसते. रेट्यात पुढच्यांच्या मागे खांदा लावणे, चेंडू हाती आला की सरळ तिघा-चौघांच्या अंगावर जाणे, पडणे, उठणे, आणि लगेच मागे जाऊन पुढच्या गड्याला खाली पाडणे, असे ते ऐंशी मिनिटे चालते. विंगरची एखादी धाव चाहत्याला डोळे मिटून दिसते; गनीच्या बाबतीत तसे एक दृश्य सांगता येत नाही, सांगता येतात ते हंगाम. संघ तळाला गेला, प्रेक्षक आटले, जुन्या बॅक-टु-बॅक घरांच्या रांगा, म्हणजे पाठीला पाठ लावून बांधलेली, मागची भिंत सामाईक असलेली कामगार घरे, महानगरपालिकेने पाडल्या आणि माणसे दूरच्या वसाहतींत नेऊन टाकली, त्यांच्या जागी लीक स्ट्रीटला उभारलेल्या काँक्रीटच्या सदनिका ओल धरू लागल्या (त्याही पंधरा-एक वर्षांतच पाडाव्या लागल्या), मोटरवे आला; आणि या सगळ्या पडझडीत शनिवारी दुपारी मैदानात उतरणारा तोच एक ओळखीचा चेहरा होता. १९७० मध्ये त्याला एमबीई हा राजसन्मान मिळाला. सन्मानाचे कौतुक वस्तीला होतेच, पण गनी त्याच्याही आधीपासून वस्तीचा होता.

१९७३ मध्ये पार्कसाइड उद्योगांसाठी विकले गेले. २१ एप्रिलला यॉर्कविरुद्ध शेवटचा सामना झाला, परवडेल असे दुसरे मैदान मिळाले नाही, क्लब मोडीत निघाला आणि विक्रीचा पैसा भागधारकांत वाटला गेला. कायद्याने यात काही वावगे नव्हते. मात्र पंच्याऐंशी वर्षे ज्यांनी प्रवेशद्वारावर नाणी मोजली त्यांतल्या बहुतेकांच्या नावावर एकही भाग नव्हता, आणि मैदान म्हणजे जमीन एवढाच अर्थ हिशेबाच्या वहीला कळतो, ही गोष्ट शांतपणे लिहायची म्हटली तरी शांतपणे लिहिली जात नाही.

क्लब पुन्हा उभा केला तो गनीने, काही स्थानिक व्यावसायिकांना बरोबर घेऊन. न्यू हन्स्लेट या नावाने हा संघ एलंड रोडच्या ग्रेहाउंड स्टेडियममध्ये, म्हणजे कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानात, खेळू लागला. रग्बीचे गोलखांब एरवी जमिनीतून निघणारे दोन वेगळे खांब आणि त्यांना जोडणारी आडवी दांडी असे असतात. येथे अमेरिकन फुटबॉलच्या धर्तीचे लोखंडी खांब होते, जमिनीतून एकच जाड दांडा वर येऊन दांडीच्या उंचीवर त्याला दोन फाटे फुटलेले, नादकाट्यासारखे. जुने चाहते या खांबांना हसत, आणि तरीही येत. १९७९ मध्ये नावातले ‘न्यू’ गळाले. पुढे तेही मैदान बंद झाले, मग कधी बॅटलीच्या, कधी लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबच्या मैदानात आश्रयाने दिवस काढत अखेर १९९५ मध्ये संघ साउथ लीड्स स्टेडियमवर, म्हणजे आपल्या वस्तीजवळ, परतला. पुढे त्या क्रीडासंकुलाला जॉन चार्ल्स यांचे नाव दिले गेले. चार्ल्स हे थोर फुटबॉलपटू होते याबद्दल दुमत नाही. दुमत असेल तर ते त्या नावाखाली कोणता खेळ खेळला जातो आणि त्या वस्तीत कोणाकोणाची नावे पाठ आहेत याबद्दल.

१९९९ मध्ये दुय्यम विभागाच्या अंतिम सामन्यात हन्स्लेटने ड्यूजबरीला १२-११ असे, अवघ्या एका गुणाने, हरवले. विजेत्याने सुपर लीग या सर्वोच्च विभागात जावे अशी अपेक्षा होती, पण संघटनेच्या निकषांत क्लब बसत नाही असे ठरले आणि वरचे दार उघडले नाही. मैदानावर जिंकून कागदावर हरण्याची ही तऱ्हा हन्स्लेटला नवी नव्हती, परंतु या वेळी ज्यांनी ती सोसली त्यांतील बहुतेकांनी पार्कसाइड पाहिलेलेही नव्हते, आणि त्यामुळे १९६५ चा पाढा म्हणणाऱ्यांच्या शेजारी १९९९ चा पाढा म्हणणारी एक धाकटी पाती तयार झाली. थोरली पाती तिला अजून थोडी उमेदवारच समजते.

पार्कसाइड हे नाव मात्र हौशी खेळाडूंच्या एका क्लबाने टिकवले. हन्स्लेट पार्कसाइड या क्लबातून तयार झालेला, याच भागातला गॅरी शोफील्ड १९८३ मध्ये हलकडे गेला आणि पुढे ग्रेट ब्रिटनचा कर्णधार झाला. त्याच क्लबातून आलेल्या जेसन रॉबिन्सनला विगनने, १९६५ च्या त्याच विगनने, उचलले. दोघांनीही हन्स्लेटच्या मुख्य संघाची जर्सी कधी घातली नाही. तरीही गप्पांमध्ये सार्वकालिक तेरा निवडायला बसले की कोणीतरी त्यांची नावे पुढे करतो, दुसरा कोणी नियमावर बोट ठेवून ती खोडतो, आणि तिसरा विचारतो की बॅटन सहाशे पौंडांना गेला तरी तो आपला, मग ही पोरे का नाहीत. यावर एकमत होत नाही, त्या दोन जागा रिकाम्या राहतात, आणि निवड फॉरवर्डांपासून पुन्हा सुरू करावी लागते.