टक्... टक्... कुंझुम

आवाज पहिल्यांदा ऐकला तो ग्राम्फूच्या पुढे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टक्. सरळ रस्त्याला एकदम शांतता. पुन्हा वळण, पुन्हा टक् टक्. "खालून दगड लागला असेल," असं म्हणून मी गाण्यांचा आवाज वाढवला. बॉसचा मेल दिसला की आपण विंडो मिनिमाइज करतो ना, अगदी तस्संच!

शेजारी दादा, म्हणजे माझा मावसभाऊ. दिंडोरीला त्याची द्राक्षबाग आहे. गाडीही त्याचीच, जुनी फोर बाय फोर पिकअप, एरवी क्रेट आणि खताच्या गोण्या वाहणारी. ऑक्टोबर छाटणीच्या आत घरी पोचायचं, या एका अटीवर तो सप्टेंबरात स्पितीला यायला तयार झाला. माझी अट अशी, की मनालीच्या पुढे गाडी मी चालवणार. पुण्याच्या सिग्नलला हाफ क्लच मारून कंटाळलेल्या मुलीला आणखी काय हवं?

2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग चढायची गरज राहिलेली नाही. नऊ किलोमीटर अंधार, बाहेर पडलात की लाहौल. तिथून मागे वळून कोकसर, मग ग्राम्फूचा फाटा. फाट्यानंतर रस्ता कसला, नुसते गोटे! आणि सोबतीला राखाडी रंगाची चंद्रा नदी. फोटो वगैरे ठीक, पण तिचा आवाज आठवला की आजही पोटात गोळा येतो.

छत्रूच्या ढाब्यावर थांबलो, तर शेजारी स्पितीतला मटार घेऊन खाली निघालेला ट्रक उभा. मटारचा भाव, द्राक्षांचा भाव, अवकाळी पाऊस... दादाची आणि ट्रकवाल्याची पाच मिनिटांत गट्टी. मग त्याने मला स्टिअरिंग पूर्ण कापून गाडी हळू हलवायला सांगितली. उजव्या चाकाशी उकिडवा बसून ऐकलं.

"क्रॉस जा रहा है. फोर बाय फोर कब से डाला है?"

आता आली का पंचाईत! दादा चहा पीत असताना मनालीतच मी दोन्ही हब लॉक करून छोटी लिव्हर ओढली होती. कारण काय, तर समोर डोंगर दिसत होते आणि भारी वाटत होतं. बोगद्यातून, कोकसरपर्यंतच्या गुळगुळीत डांबरावरून, तशीच आणली होती.

"मनालीपासून," मी म्हटलं. गारपिटीनंतर बागेकडे बघावं तसं दादाने माझ्याकडे पाहिलं.

ही गाडी फोर व्हीलमध्ये टाकली की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधले जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. खडीवर चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरावर तो निघत नाही, सगळा सांध्यांवर येतो. आमचा क्रॉस आधीच ग्रीस संपून कोरडा पडला असणार, मी त्याला शेवटचा धक्का दिला. लिव्हर परत टू व्हीलमध्ये जाईचना. "थोडा रिव्हर्स मारो," ट्रकवाला म्हणाला. हातभर मागे घेतली आणि खट्कन सुटली. मग त्याने दोन्ही हब फिरवून मोकळे केले. आता पुढची चाकं नुसती फिरणार, आतला अ‍ॅक्सल आणि तो क्रॉस जागच्या जागी.

पण पुढे पागल नाला होता, आणि त्याच्या पुढे साडेचार हजार मीटरवरचा कुंझुम. मी म्हटलं, परत फिरू या. खरं तर मला रडायला येत होतं.

"मेरा ट्रक भी तो पीछे से ही चलता है," ट्रकवाला हसला.

रात्री तंबूत दादा एवढंच म्हणाला, "विचारायचं होतंस गं." ओरडला असता तर परवडलं असतं.

दुपारच्या उन्हाने बर्फ वितळून नाले फुगतात, पहाटे पाणी सगळ्यात कमी असतं. साडेपाचला नाल्यावर पोचलो. मागच्या चाकांवर वजन हवं म्हणून क्रेटमध्ये धोंडे भरले. दादा गुडघाभर गारठ्यात उतरून तळाचे दगड बघून आला. मी उतरायला लागले, तर म्हणाला, "तूच चालव. मी बाहेरून आवाज ऐकतो." पहिला गिअर, क्लचवरून पाय बाजूला, मध्ये थांबायचं नाही. मध्यावर मागचं चाक एकदा फिरलं, गाडी तिरकी झाली, आणि निघाली! दादा पलीकडून दोन्ही हात हलवत होता. आवाज नव्हता.

बातलला राजमा-चावल हाणला, पूल ओलांडला आणि घाट चढलो. कुंझुमला देवीचं मंदिर आहे. ड्रायव्हर मंडळी गाडीसकट प्रदक्षिणा घालतात. उजवीकडे स्टिअरिंग कापून, श्वास धरून, मी पूर्ण फेरी मारली. फक्त वाऱ्यात फडफडणारे झेंडे ऐकू आले.

काझाच्या मेकॅनिकने चाक उघडलं. क्रॉसच्या एका टोपीतल्या सुयांचा तांबडा भुगा झाला होता. नवा क्रॉस त्याच्याकडे नव्हता. त्याने चाक परत बंद केलं, हब मोकळेच ठेवायला सांगितले आणि कुंझुम टाळून किन्नौरमार्गे उतरायला सांगितलं. ताबो, नाको, मग सतलजच्या काठाने खाली. पूर्ण वेळ मीच चालवली.

छाटणीच्या चार दिवस आधी दिंडोरीला पोचलो. क्रॉसचे पैसे मी दिले. दादाने त्या छोट्या लिव्हरला द्राक्षं बांधायची सुतळी बांधून ठेवली आहे, दुहेरी गाठीने.