शामाची झूल

शामा काळीभोर मारवाडी घोडी. कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडलेली, कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिळा. सारंगखेड्याच्या यात्रेतून दादांनी तिला शिंगरू असतानाच आणलं. शहादा तालुक्यातलं हे तापीकाठचं गाव. एकमुखी दत्ताच्या मंदिरापाशी दत्तजयंतीला इथे यात्रा भरते आणि मारवाड-काठेवाडापासून घोडी विकायला येतात. आमच्या खळ्यातल्या कडुनिंबाखाली शामाचं ठाण झालं. उसाचं वाढं तिच्या आवडीचं. माय घमेलं घेऊन निघाली की बांगड्यांच्या आवाजावर ती खिंकाळायची. पाणी शिळं असलं तर मात्र तोंड लावायची नाही. नाकानं बादली पालथी करायची.

दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट लव चढते. थंडीपेक्षा घटत्या उजेडाची हाक शरीराला आधी कळते. यात्रेआधी दादा शामाला रोज दुडकीवर फिरवत. त्या लवेत घाम मुरायचा, तासन् तास सुकायचा नाही आणि संध्याकाळी सातपुड्याकडून वारा सुटला की घोडी कुडकुडायची. म्हणून दादा मशीननं तिची लव उतरवत. आधी अंग धुऊन पूर्ण वाळवायचं; पातं तापलं की थांबायचं; पायांवरचे आणि खोगिराखालचे केस तसेच राखायचे. मग रात्री पांघरायला झूल आली.

यात्रेत मिळालेली झूल वरून जरीची, आतून मात्र चरबट. चार रात्रींनी दादांनी ती उचलली आणि उलट्या बोटांनी शामाचा खांदा चाचपला. सांध्याच्या टोकावर केस मोडून खुंट झाले होते, खालची कातडी कोमट लागत होती. आयाळ संपते त्या उंचवट्याजवळ बोट नेताच तिनं कातडी थरथरवली. माशी बसली तरी घोड्याला कळते; अशा अंगावर लवेची गादी राहिली नव्हती. पाऊल टाकलं की खांदा पुढे सरकतो, कापड जागच्या जागी राहतं आणि घासणी सुरू होते. घाम किंवा धूळ आत अडकली की खाज वाढते, मग घोडी खुंटाला अंग घासून जखम करून घेते.

त्याच रात्री झूल काढून ठेवली. मायनं उसवून आत आजीच्या रेशमी लुगड्याचं अस्तर लावलं. खांद्यापाशी दोन्हीकडे चुण्या घातल्या, म्हणजे चालताना कापड सैल सुटेल. छातीचा पट्टा मूठ सहज शिरेल एवढा ढिला केला. फार ढिला केला तर झूल मागे घसरून सगळा भार उंचवट्यावर येतो. लोखंडी खरारा बाजूला गेला, त्याजागी मऊ ब्रश आला. झूल धुतल्यावर साबणाचा अंशही राहू नये म्हणून माय ती दोन पाण्यांतून काढायची. ओल्या अंगावर झूल कधीच घालायची नाही, ऊन चढलं की काढायची, आणि काढल्यावर रोज हात फिरवायचा.

उंचवट्यावर खोलवर घासलं तर जखम भरते, पण केस पुष्कळदा पांढरे उगवतात. बाजारात जाणतं गिऱ्हाईक दात आणि भोवरे पाहण्याआधी तिथे बोट ठेवतं, कारण त्या जागी घोड्याची नाही, मालकाची पारख होते.

दादांनी शामाला कधी विकलं नाही. तिची तीन शिंगरं आमच्या ठाणावर वाढली. म्हातारपणी तिच्या डोळ्यांभोवती पांढरे केस आले, पाठीचं हाड दिसू लागलं, तरी उंचवटा अखेरपर्यंत काळाच होता. पावसाळ्यात एका पहाटे ती गेली. दादांनी तिला बांधावरच पुरलं.

आजही यात्रेत झूल निवडणारं कुणी भेटलं की मी तेवढंच सांगतो : जरीकडे बघू नका, झूल उलटी करा आणि आतून स्वतःच्या गालावर घासून पाहा. आपल्याला टोचलं ते घोड्यालाही टोचणार, आणि त्याला रात्रभर ते अंगावरून काढता येत नाही.