समुद्र नसलेल्या प्रदेशातील सागर

ज्या प्रदेशाला समुद्राचे दर्शन नाही त्याने आपल्या तळ्यांना ‘सागर’ म्हणावे, ही बुंदेलखंडाच्या भाषेतली एक विलक्षण गोष्ट आहे. महोब्याचा कीरतसागर चंदेल राजा कीर्तिवर्म्याचे नाव सांगतो, मदनसागर मदनवर्म्याचे. ही तळी अकराव्या-बाराव्या शतकांतली. झाशीजवळचा बरुआसागर ओरछाच्या उदितसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधविला. गोविंदपंत बुंदेल्यांच्या मराठी अंमलाचे जे ठाणे झाले, त्या तळ्याकाठच्या शहराचे तर नावच सागर. ही अतिशयोक्ती आहे असे पावसाळ्यात वाटेल. वैशाखात मात्र ती कृतज्ञता आहे हे कळून येते.

मऊरानीपुर हे या कृतज्ञतेच्या मुलखातले गाव. झाशीहून आग्नेयेस सुमारे 65 किलोमीटरवर, मऊ आणि रानीपुर या जोडगावांच्या नावांतून त्याचे नाव सिद्ध झाले. अठराव्या शतकाच्या अखेरीस छत्रपूरचे व्यापारी आपल्याच राजाच्या जुलमाला कंटाळून येथे आश्रयाला आले आणि गावाला पेठेचे रूप आले. खरुआ नावाचे जाडेभरडे तांबडे कापड ही या पेठेची ओळख होती. आल नावाच्या झुडपाच्या मुळांतून त्याचा रंग निघे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या कृत्रिम रंगांनी आलीची लागवड संपविली. विणकाम मात्र टिकले. सूत, रंग, धुणे या साऱ्यांना पाणी लागते. ते देणारी सुखनई नदी पावसावर जगणारी आहे. उन्हाळ्यात तिची धार तुटते.

वस्तुतः येथला पाऊस वाळवंटाचा नाही. जैसलमेरला वर्षाकाठी जेमतेम 20 सेंटीमीटर पाऊस पडतो. झाशीच्या परिसरात सर्वसाधारण वर्षी 80 ते 90 सेंटीमीटर. परंतु तो बहुतांशी तीन महिन्यांत पडून जातो आणि ज्या भूमीवर पडतो तिच्या पोटी कठीण ग्रॅनाइट आहे. या दगडात पाणी फारसे मुरत नाही, ते धावत सुटते. निसर्गाने एवढीच एक सवलत ठेवली की, या दगडातून गारेचे उंच कणे ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे गेलेले आहेत. चंदेलांच्या आणि बुंदेल्यांच्या कारागिरांनी हे कणे वाचले. दोन कण्यांमधली खिंड हेरावी, तेवढीच दगडमातीची पाळ घालून बंद करावी, जास्तीचे पाणी जाण्यास सांडवा ठेवावा, आणि पाळीच्या खालच्या अंगाला विहिरी खणाव्यात, ही त्यांची रीत होती. तळे डोळ्यांना दिसे. त्याचे खरे दान मात्र झिरप्याने विहिरींना मिळे. फाल्गुनात तळे ओसरले तरी वैशाखात विहीर बोलत असे.

विहिरीचे या प्रदेशातले मोल मराठी वाचकाला एका प्रसंगाने पूर्वीच सांगितले आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत या मुलखात सापडले आणि त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 मध्ये छापला गेला. त्यात पराभवानंतर धुळीने माखलेली, तहानेने व्याकूळ झालेली राणी लक्ष्मीबाई त्यांना एका विहिरीवर भेटते. भटजी पाणी काढावयास पुढे होतात तेव्हा ती विद्वान ब्राह्मणाला ते श्रम देण्यास नकार देते आणि स्वतःच मडक्याने पाणी काढून पिते. या प्रसंगातील करुणरसाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. राज्य गेले होते, किल्ला गेला होता, पण वाटेवरच्या त्या अनाम विहिरीत पाणी होते. कोणीतरी ती खणली होती, कोणीतरी तिचा गाळ काढीत होते. आणि म्हणून हरलेल्या राणीलाही ओंजळभर पाणी मिळाले.

हे ‘कोणीतरी’ नाहीसे झाले तेव्हा तळी आकसू लागली. त्याची कारणे गूढ नाहीत. टेकड्यांवरचे जंगल तुटले आणि मोकळ्या झालेल्या उतारांवरची माती तळ्यात उतरली. गाळाने तळे उथळ होते; उथळ तळे पसरट होते आणि पसरट पाण्याला ऊन लवकर पिऊन टाकते. ओसरलेल्या काठावर रब्बीचे पीक घेण्याची रीत जुनीच होती. पुढे त्या पिकाला बांध पडला आणि बांधाला मालक आला. रस्त्यांनी तळ्याकडे येणाऱ्या ओघळी तोडल्या, तर कूपनलिकांनी ग्रॅनाइटच्या भेगांतला जुना साठा उपसला. उत्तर प्रदेशातल्याच एका प्रकरणात, हिंचलाल तिवारी विरुद्ध कमलादेवी या खटल्यात, 2001 साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की गावतळी ही समाजाची मत्ता असून ती राखली पाहिजेत. जी गोष्ट पूर्वी गावच्या पाटावर बसून ठरे, ती न्यायासनावरून सांगावी लागणे हेच काय घडले याचे द्योतक आहे.

हे केवळ बुंदेलखंडाचे दुर्दैव नव्हे. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलाव कोहळी समाजाच्या कसबातून उभे राहिले. मालगुजारी गेली ती न्याय्यच झाले. पण तिच्याबरोबर तलावाची निगा कोणाकडे गेली, याचे उत्तर कागदावर राहिले आणि लोकांनी त्यांना ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ असे अर्धे थट्टेचे नाव दिले. दूर मध्य आशियात कापसाला पाणी देण्यासाठी 1960 नंतर आमूदर्या आणि सीरदर्या या नद्या इतक्या वळविल्या गेल्या की अरल समुद्राचे तुकडे झाले आणि मासेमारीच्या नावा वाळूत रुतल्या. विणकरांच्या गावाने ही कथा विशेष ध्यानात ठेवावी. कापडाच्या प्रत्येक वारात कोठले तरी पाणी विणलेले असते. मात्र त्याच अरलच्या उत्तर भागाला 2005 मध्ये कोकअरलचा बांध पुरा होताच पाणी परतू लागले. अर्थात आकसणे ही विधिलिखित गोष्ट नाही.

2016 च्या उन्हाळ्यात दोन आगगाड्यांनी हा प्रश्न देशापुढे उभा केला. एप्रिलमध्ये मिरजेहून निघालेली पाण्याची गाडी लातूरला पोहोचली. मे महिन्यात महोब्यासाठी म्हणून एक गाडी झाशीला आली. तिचे डबे रिकामे होते आणि राज्य शासनाने आपल्याला तिची गरज नसल्याचे कळविले. रिकाम्या डब्यांवर राजकारण रंगले. ज्या गावासाठी ती गाडी होती, त्या गावाभोवती नऊशे वर्षांचे सागर गाळ पोटात घेऊन पडले होते, याची चर्चा त्या मानाने थोडी झाली.

झाशीहून मऊरानीपुरावरून जाणारा लोहमार्ग महोबा मागे टाकून माणिकपुरास पोहोचतो. तेथल्या पाठा पठारावरच्या एका लोकगीतात स्त्री नवऱ्याच्या मरणापेक्षा घागर फुटण्याला अधिक भिते. हे गीत क्रूर आहे असे ज्याला वाटते त्याने ती घागर किती अंतरावरून येते ते मोजावे. 2019 नंतर नळ पोहोचविण्याचे मोठे काम या भागात झाले आहे आणि डोक्यावरचे ओझे ज्या घरी उतरले तेथे ते आशीर्वादासारखे आहे. केन-बेतवा जोडप्रकल्पाचा करार मार्च 2021 मध्ये झाला, कोनशिला 25 डिसेंबर 2024 रोजी बसली. पन्नाच्या जंगलाचा एक भाग बुडवून 221 किलोमीटरच्या कालव्याने पाणी येणार आहे. त्याच्या इष्टानिष्टतेचा वाद चालू राहील. पण नळ असो वा कालवा, दोहोंच्या मुळाशी तोच तीन महिन्यांचा पाऊस आहे. दुरून येणारे पाणी जवळचे पाणी राखण्याचे कर्तव्य माफ करीत नाही. गावोगावच्या ज्या स्त्रिया आज ‘जलसहेली’ म्हणून तळ्यांचा गाळ काढावयास आणि बंधारे घालावयास उभ्या राहिल्या आहेत, त्यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. घागरीचे वजन त्यांच्याच मानेला ठाऊक आहे.

भाद्रपदात मऊरानीपुरात जलविहाराचा मेळा भरतो. मंदिरांतले देव विमानांत बसून वाजतगाजत नदीवर जलविहारास जातात. चार दिवस आधी पाऊस झालेला असतो, सुखनईला पाणी असते, सोहळा पार पडतो. देवाने वर्षातून एकदा गाभारा सोडून पाण्यापर्यंत चालत यावे, अशी योजना ज्यांनी केली त्यांच्या मनात काय असेल? बहुधा हेच की देव निघाला म्हणजे गाव निघेल, आणि गाव काठावर आले म्हणजे त्याला आपल्या नदीची अवस्था स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागेल. देव परत गाभाऱ्यात जातात. भाद्रपदानंतर वैशाख यावयास आठ महिने असतात. तेवढ्या काळात काठावर कोण राहते, यावर त्या प्रदेशाच्या सागरांना पुढे सागर म्हणता येईल की नाही हे अवलंबून आहे.