विदर्भाचा विजय आणि अण्णांची पावले

आजारातून उठणाऱ्या वृद्ध माणसाला आपण बहुधा ‘सगळे पूर्वीसारखे होईल’ असा धीर देतो. तो फार काळ टिकत नाही, कारण स्वतःच्या शरीराची अवस्था रुग्णाला आपल्याहून अधिक ठाऊक असते. त्याला हवे असते आजच्या दिवसापुरते गाठता येईल असे काहीतरी. हे मला उमगले डिसेंबर २०१७ मध्ये, आणि निमित्त झाले विदर्भाच्या क्रिकेट संघाचे.

त्या महिन्याच्या आरंभी माझे वडील, आमचे अण्णा, सोलापूरच्या घरी न्हाणीघरात घसरले. खुब्याचे हाड मोडले; शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांना वॉकरच्या आधाराने उभे केले, तेव्हा आम्ही सारे धास्तावलो. पण उतारवयात अंथरुणाला खिळून राहणेच अधिक घातक असते. पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात, फुप्फुसांत संसर्ग होतो, पाठीला जखमा होतात, स्नायू झपाट्याने झिजतात. अण्णांना हे पटत होते. पाऊल मात्र उचलवत नव्हते. ‘आता या वयात कशाला?’ एवढेच ते म्हणत.

वर्तमानपत्राचे क्रीडा पान तेवढे त्यांनी सोडले नव्हते. १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळणारा विदर्भ तोवर एकदाही अंतिम फेरीत पोहोचला नव्हता. त्या वर्षी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि कर्णधार फैज फजल यांचा संघ उपांत्य फेरीत कर्नाटकाशी कोलकात्यात भिडला. पहिल्या डावात विदर्भ ११६ धावांनी मागे पडला. तरीही सामना सुटला नाही. कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या असताना त्यांचा डाव १९२ वर आटोपला. रजनीश गुरबानीने त्या डावात ७ बळी घेतले. अवघ्या ५ धावांचा तो विजय!

बातमी वाचून अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘वॉकर आण बाई. पाच पावले टाकून बघतो.’

त्या दिवशी पाचच पावले झाली. दुसऱ्या दिवशी सात. तिसऱ्या दिवशी वेदनेमुळे पुन्हा चारच. पण आता हिशेब त्यांचा होता, आमचा नव्हता. इंदूरला दिल्लीविरुद्धचा अंतिम सामना सुरू झाला तोवर ते दिवाणखान्यापर्यंत येऊ लागले होते. गुरबानीच्या हॅट्ट्रिकपेक्षा त्यांना अप्रूप होते ते ३९ वर्षांच्या वसीम जाफरच्या ७८ धावांचे. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने ९ गडी राखून करंडक जिंकला, तेव्हा अण्णा उंच खुर्चीत ताठ बसून दूरदर्शन पाहत होते.

विजयाने हाड सांधत नाही, हे उघड आहे. ते काम शस्त्रक्रियेचे, व्यायामाचे, डाळी-दूध-अंड्यांसारख्या सकस आहाराचे. रोजच्या व्यायामासाठी लागणारे मन मात्र कुठून तरी आणावे लागते. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांचे मन कशात रमते, ते शोधा. कोणाचे कीर्तनात, कोणाचे नातवाच्या अभ्यासात, कोणाचे अंगणातील तुळशीत रमत असेल. दिवसाचे उद्दिष्ट तिथे जोडा. किती चालायचे, कोणता व्यायाम करायचा, हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील तसेच करा. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री मंद दिवा आणि कोरडी फरशी यांत हयगय नको. शुश्रूषेचा भारही एकाच सुनेवर किंवा मुलीवर टाकू नका; पाळ्या वाटून घ्या.

पुढच्या हंगामात विदर्भाने करंडक पुन्हा जिंकला. अण्णांच्या हातची काठी मात्र अखेरपर्यंत सुटली नाही. सगळे पूर्वीसारखे झालेच नाही. पण त्या काठीच्या आधाराने ते रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी जात, आणि परतल्यावर किती पावले झाली ते न विचारता सांगत.